महेशला बोटीवर घ्यायचं नाही

१२ ऑक्टो.
महिला मंडळाची बैठक. ठरलं एकदाचं : बायकोवर हात उचलणाऱ्याला गावातल्या कुठल्याच बोटीवर खलाशी म्हणून घ्यायचं नाही. बोटमालकांच्या बायका आमच्यातल्याच, त्या नवऱ्यांना वळवतील. कल्पना माझी, त्यामुळे जरा फुशारकीही. पहिलं नाव शेजारच्या कविताच्या महेशचं. कविता कोपऱ्यात, हूं की चूं नाही. लाजली असेल.

१५ ऑक्टो.
बोटी गेल्या. महेश पिशवी घेऊन बंदरावर उभा. जयवंत नाखव्याने त्याला आपल्या बोटीवर घेतलं नाही. म्हणे, "मंडलाचं ऐकावं लागतं बाबा, मलाबी घरात जेवायचं हाय." सगळे हसले. मीही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू!

१९ ऑक्टो.
कविता एका हाताने बोंबील वाळत घालत होती. दुसरा सुजलेला. "पडली," म्हणाली. महेश कुठे? "घरात. आता घरातच असतो ना."

२३ ऑक्टो.
आज बोलली. "तो दर्यात जायचा तवा आठ-आठ दिस पोरीला आन मला सुखानं निजायला मिलायचं. तुमी तेवढंबी काढून घेतलं काकी. त्याला बोटीवर घ्यायला सांगा."
माझ्याकडे राहा म्हटलं. "भिंतीपलीकडं? तो येल की." तिचा भाऊ वाणगावला, पण तिथे थारा नाही. पोलिसात जायला तयार नाही.
भिंतीला भिंत लागून घर आणि मला एवढं कळू नये! घरी येऊन खूप रडले.

२४ ऑक्टो.
पुन्हा बैठक. महेशपुरता नियम मागे घेऊ म्हटलं, तर प्रमिला उभी राहिली. तिच्या कपाळावरची जुनी खूण सगळ्यांना ठाऊक. "बोट सुटंल या भ्यानं माझ्या नवऱ्यानं हात नाय लावला मला. महेशला सोडलात का सगले सुटतील. मंग माझं काय?"
शेवटी बाकीच्या म्हणाल्या, काकी, तुमीच ठरवा.
तिचंही खरं. हिचंही.

२५ ऑक्टो.
संध्याकाळी जयवंत नाखवा दारात. "पहाटेला निघतो. महेशला घेऊ का नको, तेवढं सांग."
चहा टाकते म्हटलं. चहा झाला. कप खाली ठेवून तो बसलाय, मी आत येऊन हे खरडतेय.
भिंतीपलीकडे कविताने टीव्ही बंद केला. ती ऐकतेय.