ट्रॅक्टरवरची तिसरी सीडी

मं. ७ ऑक्टो. २००३
माझ्या कॉम्प्युटर क्लासात नवी नेटवर्क कार्डं आली, पण लिनक्सचा जुना कर्नल, म्हणजे मशीन चालवणारा गाभाच, त्यांना ओळख दाखवेना. नवा टाकायला गेले तर सोबत लागणारं एक पॅकेज, एक छोटा प्रोग्रॅम, कमी आहे म्हणून अडून बसला. म्हटलं, बघतेच! जबरदस्तीने बसवला. मशीन उठेचना, पडद्यावर 'कर्नल पॅनिक'. जुन्यावर परत आणेपर्यंत जेवण राहिलं.
शनिवारी कॉलेजचे सर क्लास बघायला येणार. पसंत पडला तर मुलींची अख्खी बॅच आपली, नाहीतर समोरच्या एसीवाल्यांची. मला ती हवीच आहे.

बु. ८
पॅकेज नेटवरून उतरवायला बसले. फोनलाइन दर वेळी अर्ध्यात तुटते. मग आठवलं, आपल्या लिनक्सच्या तीन सीडींच्या संचात तिसरीवर ते आहेच की! पाकीट उघडलं. तिसरी गायब.
अजित कान खाजवत, "जुन्या सीड्या दसऱ्याला बाबांना दिल्या... ट्रॅक्टर सजवायला."
धन्य तो नवरा.

गु. ९
शिरोळला फोन. मामंजी खुशीत, "हाय की! म्होरं मधोमध बांधलीया. लई चमकती."
सोडून पाठवा म्हटलं. "पुजलेलं दिवाळीपतोर मी सोडत न्हाय. दुकानातनं दुसरी घे की. हिच्यावर असं काय हाय?"
काय सांगणार! म्हटलं, "मामंजी, माझा क्लास आहे तिच्यावर."
फोन ठेवला त्यांनी. चिडले बहुतेक. मी तर चिडलेच आहे, एका सीडीसाठी...

शु. १०
दुपारी गल्लीत हॉर्नच हॉर्न. बघते तर मामंजी, ट्रॅक्टरसकट! मागे अडकलेला रिक्षावाला, "ओ पावणं, शेत हितं न्हाय!"
मामंजी खाली उतरून मला, "मी सोडणार न्हाय म्हटलंतं. तू सोड की."
सोडली. कुंकू, धूळ, चरे. साबणाने धुतली, पदराला पुसली. ड्राइव्ह बराच वेळ कण्हला, पण पॅकेज निघालं! नवा कर्नल चूपचाप बसला. आता फक्त रीबूट.
मामंजी आज पहिल्यांदाच क्लासात आत आले. पहिल्याच खुर्चीवर बसलेत. फार बरं वाटलं.
"डबा उठला न्हाय तर?"
"तर उद्या सरांपुढे हात जोडायचे."
एंटरवर बोट ठेवायचा धीर होईना, म्हणून हे लिहीत बसलेय. मामंजी मागून ओरडतायत, "लिव्हतीस काय? मार की!"