पूल सुरू आहे

३ मार्च
नवी नोकरी, नवं गाव, खोलीत एक खुर्ची आणि मी. काम मजेचं आहे: वेबसाइट चालवायचं आमचं सॉफ्टवेअर लिहायचं आणि चारचौघांत जाऊन त्याचे गोडवेही गायचे. स्वयंपाकीही मीच, वाढपीही मीच. पहिलं गिऱ्हाईक नगर कचेरी. तिथली साइट सांभाळणाऱ्या ताईंनी आल्या आल्या माझ्यासाठी टेबल पुसून दिलं. बायको महिनाअखेरीस येणार म्हटल्यावर पडदे कुठं चांगले मिळतात तेही सांगितलं.

९ मार्च
नदीवरच्या पायपुलाच्या फळ्या कुजल्यात, म्हणून तो बंद आहे. दोन्ही टोकांना आम्ही स्क्रीन लावले. साइटवर सूचना टाकली की लगेच तिथं दिसते. पुलाला आडवा बांधलेला दोर मीच सोडायला लावला. स्क्रीन असताना दोर बघून लोक हसतील, म्हटलं. पोस्टमन पाहत उभा होता. म्हणाला, आता तुम्ही सांगाल तेव्हाच आम्ही पलीकडे जायचं. भला माणूस आहे.

१५ मार्च
पोस्टमन गेला. सकाळी पुलाची फळी मोडून नदीत पडला.
काल कचेरीत प्रात्यक्षिक होतं. असलं काही करायचं ते साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, हे मीच सगळ्यांना शिकवतो. पण खऱ्या साइटवर टाळ्या जास्त पडतात. ताईंनी त्यांच्या नावानं लॉगिन करून दिलं. मी ‘पूल बंद आहे’ काढून ‘पूल सुरू आहे’ टाकलं. टाळ्या पडल्या. चहा आला, कचेरीच्या साहेबांनी पाठ थोपटली, आणि जुनी सूचना परत टाकायची राहून गेली.
मी मारलं त्याला.

१७ मार्च
बदल ताईंच्या नावावर दिसतो. साहेबांनी त्यांना कामावरून काढलं. मी तिथंच होतो, मूग गिळून. ताई म्हणाल्या, लॉगिन मी दिलं होतं, सूचना परत टाकायचं माझ्याच लक्षात राहायला हवं होतं. माझं नाव त्यांनी काढलंच नाही. करून सवरून मी नामानिराळा.

२० मार्च
पुलावर आता पुन्हा दोर बांधलाय. ‘पूल बंद आहे’ मी स्वतः टाकलं. दुपारी पाहतो तर ‘पूल सुरू आहे’. सूचनेखाली, बदल करणाऱ्याच्या जागी, माझं नाव. मी हात लावला नव्हता. पासवर्ड बदलला, कोड तपासला. कुठंच काही नाही.

२३ मार्च
सूचना पुन्हा बदलली. माझ्या डोळ्यांदेखत. पुलाचा दोरही सुटलेला सापडला. फळ्या बदलायला आलेला सुतार म्हणतो, दोर कोरडा होता, गाठ तेवढी ओली.
खरं बोललो तर थांबेल. मला कळतंय ते. ताईंच्या दारापर्यंत गेलो, बेल न वाजवता परत आलो. थू माझ्यावर.

२६ मार्च
बायको उद्या येतेय. स्टेशनवरून घरी यायला पूल जवळचा. मोठ्या रस्त्यानं ये म्हणायचं होतं, पण का म्हणून तिनं विचारलं असतं, मग सगळंच — फोनवर पडद्यांबद्दल बोललो.

२७ मार्च
बंद टाकतो — सुरू होतं. बंद — सुरू — खाली माझंच नाव.
कबुली लिहिली. सगळी. ताईंचा दोष नाही, हेही. साइटवर टाकली. टिकली. पुसली गेली नाही. पुलाची सूचनाही आता बंदच आहे — बंदच राहिली —
तिचा फोन. कानाला लावूनच लिहितोय, हात थांबत नाही. म्हणते, पूल सुरू आहे असं तूच लिहिलंस ना, तुझं नाव वाचूनच निघाले. मघाशीच. अर्ध्यावर आलेय. थांब म्हणालो, हलू नकोस, तिथंच —
म्हणते, अरे घाबरतोस काय, ज्यानं दोर सोडला तो पोस्टमन आहे ना पुढे, भिजलाय बिचारा, हात पुढे करून म्हणतोय या, तुमच्या यजमानांनीच सांगितलंय, या —