सतरा नंबरची नळी

मंगळवार, १४ ऑक्टोबर
दुपार, जेवणाची सुट्टी

ती. ताईस,

साष्टांग घालायला या सामानाच्या खोलीत जागा नाही, तेव्हा बसूनच नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मी नोकरीत कायम झाल्याचं तू सगळ्या गल्लीला सांगितलंस आणि मामांनी माझ्यासाठी घड्याळ बघून ठेवलंय, हे वाचलं. मामांना म्हणावं, घाई कशाला? घड्याळ दुकानातच बरं असतं. भावजींची पाठ कशी आहे?

मी इथे नक्की काय करतो, असं तू विचारलंस. फोनवर सांगायला जातो तर तू ‘जेवलास का’च्या पुढे सरकत नाहीस, म्हणून लिहितो. आपल्या अंगातली प्रत्येक पेशी बारीक बारीक पिशव्या बाहेर सोडत असते. इतक्या बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. पेशी आजारी पडली की तिच्या पिशवीत त्या आजाराची खूण सापडते. पोट न फाडता चमचाभर रक्तातून आतली बातमी कळावी, असा आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमचा प्रयत्न आहे. पुढेमागे त्याच पिशव्यांत औषध भरून नेमक्या जागी धाडायचं, असंही त्या म्हणतात. माझं काम नळ्यांवर आकडे लिहिणं आणि गरगर फिरणाऱ्या यंत्रात समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या बसवणं. एका थेंबाचा फरक वाटला तरी मी पुन्हा तोलतो. म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. नववीत शाळा सोडलेल्याला मास्तर!

गेल्या बुधवारी निरोगी माणसांचं रक्त घ्यायचं होतं, आजाऱ्यांच्या रक्ताशी ताडून बघायला. एक जण आलाच नाही. मॅडम म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही देता का? धडधाकट दिसता.” ताई, दोन वर्षांत ‘हे उचला, ते ठेवा’ याखेरीज मला कुणी पहिल्यांदाच काही विचारलं. रक्त घेणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, “रात्रीपासून उपाशी ना?” मी हो म्हणालो.

इथली हवा सध्या चांगली आहे.

बरं. उपाशी नव्हतो. दोन अंडी, लोणी थापलेले चार पाव आणि पेलाभर दूध रिचवून आलो होतो.

नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. सतरा हा माझा, माझ्याच हाताने लिहिलेला. त्या सतरात पिशव्या मोजणाऱ्या यंत्राला इतरांच्या पाचपट कण सापडले! आमच्याकडे एक खूप उंच संशोधक आहेत. सगळे त्यांना उंट म्हणतात, तेही स्वतःला उंटच म्हणवतात. उंटांनी आधी नळीत मिसळायचं मिठाचं पाणी बदललं, मग यंत्र धुतलं, मग यंत्राशी भांडले. असे चार दिवस. मी शेजारी उभा राहून नळ्या तोलत होतो. काल मॅडम हळूच म्हणाल्या, “यंत्र बरोबर असेल तर या सतरा नंबरला काहीतरी मोठं दुखणं आहे. उद्या दुपारी यादी उघडून त्याला बोलावून घेऊ. बिचाऱ्याला सांगायचं तरी कसं?”

बिचारा तिथेच उभा होता.

खाल्ल्यावर रक्तात चरबीचे कण तरंगतात. ते आमच्या पिशव्यांएवढेच असतात, यंत्राला दोन्ही सारखेच. हे मला ठाऊक होतं. ‘उपाशीपोटीच यावे’ ही भिंतीवरची पाटी मीच सुवाच्य अक्षरात रंगवली आहे. पण माझा कायम करण्याचा कागद मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे.

हो, पडून आहे. त्याचं तुला मागाहून सांगतो. यादी उघडायच्या आत आधी त्यांना सांगून येतो.

दुपारी चार

सांगितलं.

“मॅडम, सतरा नंबर मी आहे. आणि मी खाऊन आलो होतो.”

“काय खाल्लंत?” उंटांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

“चार पाव?” उंट मटकन खालीच बसले. “अहो, म्हणजे चार दिवस मी तुमच्या न्याहारीशी भांडतोय!”

मॅडम हसल्या नाहीत. “एका थेंबासाठी नळी पुन्हा तोलणारा माणूस तुम्ही. का केलंत असं?”

“खाल्लंय म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं असतं.”

त्यांनी वहीत सतरावर रेघ मारली. मग म्हणाल्या, “सतरा नंबर बाद. सहीचं तीन महिन्यांनी बघू.”

मी दारापर्यंत पोचलो तर पुन्हा हाक आली. “आणि उद्यापासून रक्त द्यायला येणाऱ्यांना तुम्हीच विचारायचं. ‘उपाशी आहात ना’ असं नको, ‘काय खाल्लंत’ असं. लोक का लपवतात ते तुम्हाला कळतं.”

“उद्या तुमचंही पुन्हा घेतो,” उंट म्हणाले. “पाण्याखेरीज काही घेतलंत तर याद राखा. आकडा खाली आलेला बघितल्याशिवाय मला झोप नाही.” मला वाटलं होतं, ते माझ्याशी बोलायचेच नाहीत.

आता तुझं. मागच्या पत्रात कायम झालो असं लिहिलं, तेव्हा तो कागद नुसता टाईप झाला होता. तू वाट बघून दमली असशील असं वाटलं. तुलाही मी हो म्हणून मोकळा झालो. गल्लीला काय सांगायचं ते तू ठरव, खरं सांगितलंस तरी मी तोंड लपवणार नाही. रागावायचं असेल तर पत्रातच रागाव, फोनवर मला रडू येतं.

मामांना मात्र मी आजच वेगळं पत्र टाकतो. ते तुझ्यावर ढकलत नाही.

तीन महिने थांबशील ना?

तुझा, अजून तात्पुरताच असलेला,
धाकटा