मुन्नीसाठी चारा

हुफूफ, बुधवार

आदरणीय हाशममामू,

तुमच्या भाच्याचा, कादिरचा, साखरतरच्या घराला सलाम. आम्ही इथे सगळे खुशाल आहोत, म्हणजे शरीफा खुशाल आहे, सादिया खुशाल आहे आणि मी दोन वेळा जेवतो. तुमची तब्येत कशी आहे? (रिवाज म्हणून विचारत नाही. खरंच कळायला हवंय. जिना चढताना दम लागतो का, छातीत काही होतं का, सविस्तर कळवा.) मामींच्या गुडघ्यांसाठी मलम आणि दोन किलो खजूर इसहाकबरोबर पाठवतोय. इसहाक म्हणजे आमच्या खजूर पॅकिंगच्या कंपनीतला, मी सांभाळतो त्या स्टोअरमध्येच काम करणारा, पावसचा मुलगा. उद्याच्या विमानाने सुट्टीवर येतोय. पत्र त्याच्याच हाती देतोय, कारण फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही, आणि हा विषय दोन खोल्यांच्या घरात ओरडून बोलण्यासारखा नाही.

सादियाच्या स्थळाचं मागे कळवलं होतंच. मुलगा मुआज, रियाधला कॉम्प्युटरच्या कामात. त्याचे वडील नौशादभाई मूळचे श्रीवर्धनचे, बावीस वर्षं दम्मामला. मुलगा शांत आहे, मोठ्यांच्या आधी ताटावर बसत नाही, आणि शरीफाशी मराठीत बोलतो (आमची लेक आमच्याशी इंग्रजीत बोलते, तेव्हा पुढच्या पिढीत एकाला तरी मराठी येईल). सादियाला तो पसंत आहे. तसं ती म्हणाली नाही, पण त्याचं नाव निघालं की हातातला फोन उलटा ठेवते. पोरीला चोविसावं संपत आलं. आधीची तीन स्थळं तिने चहा थंड व्हायच्या आत परत पाठवली होती. हे पहिलंच असं आहे की जे मोडलं तर तिच्यामुळे मोडणार नाही, माझ्यामुळे मोडेल. आणि ती मला एका शब्दाने बोलणार नाही, याचीच मला जास्त भीती वाटते.

सुरुवात बायोडाट्यापासून झाली. त्यात मी लिहिलं, खानदान दर्यावर्दी. आता बायोडाट्यात सगळेच थोडं मीठ-मसाला घालतात, आणि मी तर खोटंही लिहिलं नाही. आईच्या बाजूने खानदान दर्यावर्दीच आहे, तुम्ही आहात ना. अब्बा शिवणकाम करायचे हे लिहायचं राहून गेलं. बाराव्या वर्षी तुम्ही मला होडीत घेतलंत आणि जेटी दिसेनाशी व्हायच्या आत परत आणून सोडलंत, हेही राहून गेलं. (त्या दिवशी तुमच्या नव्या जाळ्यावर जे झालं त्याची माफी मागायची राहिली होती, ती इथेच मागतो.) बायोडाटा मुलाच्या घरी गेला आणि चौथ्या दिवशी नौशादभाईंचा फोन आला. दर्यावर्दी माणसाबरोबर पाण्याकाठी बसायचं कित्येक वर्षं मनात आहे, येत्या शुक्रवारी या.

कारण असं की नौशादभाईंना शौक एकच, गळाने मासे धरायचा, आणि तोही समुद्रात नाही. त्यांच्या कफीलचा (ज्याच्या नावावर इथे काम करायला मिळतं तो मालक) हुफूफच्या बाहेर मजरा आहे, म्हणजे खजुराची बाग, आणि बागेला पाणी द्यायचं मोठं जुनं तळं. त्यात कधीतरी कुणीतरी कार्प आणि तिलापिया सोडले, ते वाढले. नौशादभाई दर शुक्रवारी फजर पढून दम्मामहून निघतात, तळ्याकाठी घडीची खुर्ची मांडतात, जुम्यापुरते बागेतल्या मशिदीत जातात आणि परत येऊन असरपर्यंत, दुपार कलेपर्यंत, बसतात. माणूस मशिदीत आणि दुकानात ओळखता येत नाही, पाण्याकाठी ओळखता येतो, असं त्यांचं मत आहे. म्हणजे मला ओळखायलाच बोलावलं होतं.

मी काय घेऊन जाणार? आपल्याला जे ठाऊक तेच. अर्धा किलो सोललेली कोळंबी आणि मामींनी ईदला पाठवलेला सुका जवळा. कोकणातला कुठलाही माणूस हेच करील. गाडीच्या काचा खाली करून गेलो तरी पोलिसाने चेकपॉइंटला लवकर पुढे जायला सांगितलं. तळ्यावर पिशवी उघडली आणि बागेतल्या सगळ्या मांजरी (मी सात मोजल्या, पुढे मोजायचं सोडून दिलं) माझ्या खुर्चीभोवती बसल्या. मासा एक आला नाही. नौशादभाई सभ्य माणूस, ते एवढंच म्हणाले की या माशांच्या सात पिढ्यांनी खारं पाणी पाहिलेलं नाही. मग त्यांनी मला शिकवलं. थांबलेल्या पाण्यातला मासा आळशी, तो चाऱ्यामागे धावत नाही, त्याला जागेची सवय लावावी लागते. म्हणून आधी एकाच जागी मूठमूठ भिजवलेला खुबूस (ही इथली रोटी) आणि डब्यातला मका टाकायचा, अर्धा तास गळ घालायचाच नाही. मग गळाला एकच दाणा. बूच पहिल्यांदा हललं की गप्प राहायचं, दुसऱ्यांदा बुडालं की ओढायचं. मी मान हलवत होतो. दर्यावर्दी माणूस नवीन काही ऐकतोय असं दिसू नये म्हणून मधूनमधून हो, हो, आमच्याकडेही असंच, असंही म्हणत होतो.

जुम्याच्या आधी ते वजूला, हातपाय धुवायला, गेले. मी एकटा. मक्याचा डबा त्यांच्या खुर्चीखाली, उठायचा कंटाळा, म्हणून खिशातला आमच्याच कंपनीतला मऊ खजूर गळाला लावला आणि टाकला. बूच हललं नाही, मामू, एकदम नाहीसंच झालं. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं खरं की मी कमरेपर्यंत चिखलात बसलेलो होतो आणि माझ्या मांडीवर हातभर लांब मासा होता, शेपटीचा वरचा भाग फाटलेला. मी घाईघाईने तो आइसबॉक्समध्ये, बर्फाखाली, पेप्सीच्या बाटल्यांखाली ठेवला. आता तुम्ही म्हणाल, तिथे मासे परत सोडतात हे दिसलं नाही का तुला? दिसलं होतं. सकाळपासून नौशादभाईंनी धरलेले सगळे मासे त्यांनी हळूच पाण्यात सोडले होते, पण ते वीतभर होते. मला वाटलं, लहान म्हणून सोडले. साखरतरला कुणी हातभर मासा परत पाण्यात टाकला तर घरचे त्याला आधी डॉक्टरकडे नेतील. जाताना बॉक्स उघडून त्यांच्या हातात द्यायचा, चकित करायचं, असा माझा बेत होता.

जुम्यानंतर आम्ही डबा खाल्ला आणि नौशादभाई जरा हळवे झाले. म्हणाले, इथे एक मुन्नी आहे. सहा वर्षांत तिला अकरा वेळा धरली, वजन केलं आणि सोडली. दर वेळी सोडताना ती क्षणभर हातात थांबते, मग जाते. मुआजची आई गेली त्या वर्षी घरात बसवेना, मी इथे येऊन मुन्नीची वाट बघत बसायचो. मग फोनवर त्यांनी फोटो दाखवला. शेपटीचा वरचा भाग फाटलेला होता. मी सगळं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, माशाअल्ला. ते म्हणाले, आज काही दिसली नाही. मी म्हणालो, येईल.

घरी आणल्यावर दुसरं काय करणार? अन्न फुकट घालवणं गुनाह. शरीफाने सालन केलं. मी रडवेला होऊन बसलो आणि दोनदा भात वाढून घेतला. सादियाने विचारलं, अब्बा, व्हॉट हॅपन्ड, तेव्हा तिला सगळं सांगितलं आणि कुणाजवळ बोलायचं नाही अशी शपथ घातली.

तेव्हापासून सहा शुक्रवार झाले. दर गुरुवारी नौशादभाईंचा फोन येतो, दर शुक्रवारी मी तळ्यावर असतो, आणि आम्ही दोघे मुन्नीला शोधतो. मी नुसता बसलो तर संशय येईल, म्हणून मी डावपेच सुचवतो. पहिल्यांदा म्हणालो, जागा बदलू. मग म्हणालो, थंडी आहे, ती तळाला असेल, शिसं वाढवू. मग खजूर, आटा आणि बडीशेप मळून मीच एक गोळा तयार केला. त्याच्यावर इतके मासे आले की दम्मामचे दोन शौकीन आता मला फोन करून प्रमाण विचारतात. (एकास दोन, आणि बडीशेप भाजलेली.) मी पोटात घातलेल्या माशासाठी इतका चांगला चारा केला की माझं नाव झालं. नौशादभाई सगळ्यांना सांगतात, कादिरभाईंचा धीर बघा, दर्यावर्दी माणूस. झोप नाही. स्टोअरमध्ये परवा तीनशे खोकी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा वेगळी आली.

आणि आता हे नवीन. कफीलने ठरवलंय की तळं उपसून गाळ काढायचा. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी पंप लागणार, सगळे मासे टाक्यांमध्ये काढणार. नौशादभाई लहान मुलासारखे खूश आहेत, मुन्नी आता हाताला लागणारच. मुआजलाही रियाधहून बोलावलंय, आणि तारखेचं त्या दिवशी तिथेच बोलून टाकू म्हणाले. मामू, पाणी खाली जाईल, चिखल दिसेल, एकेक मासा मोजला जाईल आणि मग सगळे माझ्याकडे बघतील. ज्याने आमची मुन्नी खाल्ली आणि सहा आठवडे तोंडावर खोटं बोलला, त्याच्या घरची मुलगी कोण करील?

बाकी सर्व ठीक. मामींना आणि घरच्या सगळ्यांना सलाम सांगा. खजूर फ्रिजमध्ये ठेवा, मुंग्या लागतात.

तुमचा भाचा,
कादिर

ता.क. मूळ काम लिहायचं राहिलं. मामू, तुम्ही कृपा करून आजारी पडा. खरं पडू नका, अल्ला तुम्हांला शंभर वर्षं देवो, पण येत्या आठवड्यात, बुधवारपर्यंत. तापाने चालणार नाही, तापासाठी आमची कंपनी तातडीची सुट्टी देत नाही. छातीचं काहीतरी असावं. मात्र फार गंभीर नको, नाहीतर लग्नाची तारीख पुढे जाईल. इसहाकला एवढंच सांगितलंय की मामूंना बरं वाटत नसेल तर मला फोन लाव. मी गुरुवारी निघेन, पंप लागेल तेव्हा इथे नसेन. या वयात तुम्हांला खोटं बोलायला सांगतोय, लाज वाटते, पण पोरीचा प्रश्न आहे.

ता.क. (शुक्रवार, असरनंतर) इसहाकचं विमान शनिवारवर गेलं, म्हणून पाकीट उघडून लिहितोय. आजारी पडू नका. काल सादियाने मला टेबलावर मान घालून बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, अब्बा, मुआजला ठाऊक आहे, मी त्याच आठवड्यात सांगितलं. (शपथ घातली होती. विचारलं तर म्हणते, त्याच्यापासून लपवायचं असेल तर लग्न कशाला करू?) आज सकाळी तळ्यावर गेलो, गोळा मळायला घेतला आणि हात थांबला. म्हणालो, नौशादभाई, मुन्नी मी खाल्ली. ते बुचाकडे बघत म्हणाले, ठाऊक आहे, मुआज म्हणाला मला. मी विचारलं, मग हे सहा शुक्रवार? त्यांनी गळ ओढून काठावर ठेवला आणि म्हणाले, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं. तळ्यावर निवांत बोलू म्हणून बोलवायचो, आणि तुम्ही दर वेळी तिच्यासाठी नवीन चारा करून आणायचा, मग माझी हिंमत व्हायची नाही.

मामू, मुआजची नोकरी गेलीय. तीन महिने झाले. कंपनीने त्या जागेवर इथलाच मुलगा घेतला, यात कुणाची चूक नाही. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, अजून दोन महिने आहे, मग खलास. पुण्याला एका ठिकाणी बोलणं चाललंय, अजून पक्कं नाही. नौशादभाई हे सांगताना माझ्याकडे बघू शकत नव्हते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही, उलट रडूच आलं. मुलगा आणि मुलगी, दोघांचे बाप सहा शुक्रवार एका खाल्लेल्या माशाला चारा घालत बसलो होतो. उठताना ते म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन.

सादियाला नोकरीचंही सुरुवातीपासून ठाऊक होतं. माझी गोष्ट तिने त्याला सांगितली, त्याची मला नाही सांगितली. पोरगी हुफूफमध्ये जन्मली, कोकणात तिने एकूण चार मे महिने काढले असतील, तेही पंख्याखाली. उद्या पुण्याला भाड्याच्या खोलीत, नवऱ्याला काम असेल नसेल, आणि आम्ही इथे. आत्तापर्यंत मी घाबरत होतो की ते नाही म्हणतील. आता हो की नाही मला म्हणायचंय, आणि मला जास्त भीती वाटतेय. शरीफा म्हणते, मोठ्यांना विचारा. आमच्यात मोठे तुम्हीच उरलात. खरं सांगा, मामू, द्यायची का मुलगी? तुम्ही म्हणाल तसं करीन.

ता.क. हाशमदादा, सलाम. अब्बाने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. द्यायची.
सादिया