नखभर सरकलेला लाल

प्रिय वेडे,

दोन महिने तोंड फिरवून बसलेला हा आज पत्र कसं लिहितोय, असं तुला वाटेल. लिहितोय खरा. तीन कागद फाडून झाले, हा चौथा.

त्या दिवशी आमच्या छापखान्यात आलीस ती तुझ्या वर्गातल्या त्या लंबूला, त्या जिराफाला घेऊन. चित्र दोघांचं, म्हणालीस. काळे पट्टे तुझे, लाल त्याचे. एकमेकांत नेमके बसले की सपाट कागद मधोमध फुगलेला दिसतो. वहीतला छोटा नमुना टेबलावर ठेवून तुम्ही दोघं त्यावर वाकलात. तो म्हणाला, "मान हलव ना, पोट सुटलंय बघ याला," आणि हसताना तू त्याची बाही धरलीस. मी शाईचा डबा घेऊन तिथेच उभा होतो. तूही बघ, असं मला कुणी म्हटलं नाही.

कॉलेज सोडलं नसतं तर ते लाल पट्टे मीच आखले असते, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. सरांसमोर कागद भिरकावून निघालो तो मीच. "माफी माग, गधड्या," म्हणत तू जिन्यापर्यंत मागे आलीस, तरी थांबलो नाही. आता माझ्या बाकावर जिराफ बसतो म्हणे. त्याचे ते पाय मावतात तरी कसे?

तर वीस प्रती छापल्या आणि एकही फुगली नाही. एखादीच बिघडली असती तर तू मला दोषी धरलं असतंस. विसाच्या वीस सारख्याच सपाट, म्हणून तुला वाटलं, मोठ्या मापात आखताना त्याचंच चुकलं. तू त्याला निष्काळजी म्हणालीस, चित्रावरून त्याचं नाव काढलंस, बोलणं टाकलंस. हे कळल्यावर आठ दिवस मी शिट्टी वाजवत काम केलं.

काल तो एकटाच आला. मोजपट्टी घेऊन स्वतःची रेघ न् रेघ पुन्हा मोजली. चूक सापडेना. शेवटी मलाच म्हणाला, "सॉरी रे दादा, माझ्यामुळे तुझी मेहनत फुकट गेली."

कागद जागेवर बसावा म्हणून टेबलावर कडेला जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. काळा छापून झाल्यावर, लाल चढवण्याआधी, त्यातली एक मी नखभर सरकवली होती. मुद्दाम. त्याच्या रेघा बरोबर होत्या.

शुक्रवारी तुमचं प्रदर्शन आहे, म्हणून आजच हे लिहून टाकतोय. सोबत वीस नव्या प्रती आहेत, सगळ्या फुगतात. खाली त्याचं नाव घाल, त्याच्याशी बोल. माझा जळफळाट थांबलाय असं समजू नकोस. तो वाईट असता तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.

तुझाच (खोडायचं असेल तर तूच खोड, माझ्याने होत नाही),
शाईवाला