‘उभी’ आणि ‘बंद’

दि. ४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर रडू येईल, म्हणून लिहिते आहे. आईच्या पायाचे प्लास्टर अजून महिनाभर राहणार. तुम्ही तिच्यापाशी आहात म्हणून मी निर्धास्त होते. आज रजा विभागाच्या साहेबांनी बोलावून सांगितले की रजा मंजूर झाली. मी तर मागितलीच नव्हती. तुम्ही त्यांना फोन करून म्हणालात म्हणे, की केंद्राची मंगळावरची गाडी बंद पडली आहे, तेव्हा भाचीला तिथे काय काम? त्यांना गाडीतले काय कळते, त्यांनी खरे मानले.

मामा, मागच्या पत्रात मी ‘गाडी उभी आहे’ असे लिहिले होते. तिथल्या हिवाळ्यात ऊन मंदावते, म्हणून गाडी सूर्याकडे कललेल्या उतारावर थांबवतात. ती एका जागी असते, म्हणूनच तिच्या रेडिओ-संदेशांवरून मंगळाचा आस किती डुलतो ते मोजता येते. अंडे कच्चे की उकडलेले ते जसे फिरवून कळते, तसेच ग्रहाच्या पोटात काय आहे ते यावरून कळेल. गाडी चालू लागली की ही संधी गेली. आणि आता माझ्या खुर्चीवर दुसरे कोणी बसेल. एका वेलांटीसाठी माझा कान पिळणारे तुम्हीच ना?

राग आहे, लोभही आहेच.
तुमची भाची


दि. ८ जून

चि. चिमणीस,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

शब्द चुकला नाही, बाळ. ‘उभी’ म्हणजे ‘बंद’ नव्हे, हे मला ठाऊक होते. स्थिर असणे म्हणजे निष्क्रिय असणे नव्हे, हे तर मी प्रवचनांतून लोकांना जन्मभर समजावत आलो. तरी खोटे बोललो. कारण तुझ्या आईला उठवणे-बसवणे आठवड्यातच मला जड झाले. सेवाधर्मावर तास तास बोलणारा मी, बहिणीला पाण्याचा पेला देताना कुरकुरतो.

तुझे पत्र वाचून आज तुझ्या साहेबांना फोन केला; ते म्हणाले, की खरे काय ते लेखी कळवा, खुर्ची तिचीच राहील. लगेच लिहून तुझ्या आईला वाचून दाखवले. ‘अनवधानाने चुकीची माहिती दिली गेली’ असे वाक्य मी मोठ्या खुबीने रचले होते. तिने डोळे न उघडताच विचारले, “दादा, दिली गेली म्हणजे कोणी दिली?”

कागद फाडला. नव्यावर ‘मी खोटे बोललो’ एवढेच लिहिले, सही केली आणि स्वतः जाऊन टपालात टाकले. तू येऊ नकोस. इथे मी आहे.

लोभ मागण्याचा अधिकार उरला नाही. उरला असेल तेवढा असू दे.
तुझा मामा