सायकल स्टँड पाहून निवडलेलं कॉलेज

प्रिय बाबा,

आज तुमच्या नातीनं, रेवानं, कॉलेजचा फॉर्म भरता भरता मला विचारलं, "आई, तू गणितात एवढी हुशार, मग बी.ए. का केलंस?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांना सायकल स्टँड आवडला म्हणून!" ती खो खो हसली. मीही हसले, पण मग राहवेना, म्हणून लिहायला बसले.

आठवतं ना? मिलला कुलूप लागलं, त्याच उन्हाळ्यात मी बारावी झाले. तुम्ही सियागंजात किराण्याच्या दुकानात कामाला लागला होतात. एका दुपारी छत्रीबागेतल्या घरी आलात ते खुशीतच. "एकदम बढिया कॉलेज आहे! सायकल स्टँड केवढा मोठा, आणि सगळ्या आपल्यासारख्यांच्याच सायकली. तुला तिथंच टाकून देतो."

फॉर्मही तुम्हीच भरून टाकलात. पहिल्या दिवशी कळलं, तिथं गणित शिकवतच नाहीत! एवढी एक गोष्ट विचारायची राहिली कशी हो? तीन वर्षं मी इतिहासाच्या सनावळ्या घोकल्या आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडले. वाटायचं, बाबांना माझी हुशारी कळलीच नाही.

गेल्या महिन्यात तुमच्या तेराव्याला सखारामकाका आले होते, मिलमध्ये तुमच्या शेजारच्या साच्यावर कापड विणायचे ते. म्हणाले, "तो आधी बड्या कॉलेजात गेला होता ना, गणितवाल्या! मी साथच होतो. गेटवर सगळ्या स्कूटर, पोरी आपसात इंग्रजीत बोलत होत्या. तर म्हणतो, चल भिया, इथं माझी पोरगी अकेली पडून जाईल."

म्हणजे कळली होती हुशारी! मग मला का नाही सांगितलंत? पडले असते एकटी. पण किती दिवस? महिनाभर? की कायमची? मला अजून ठरवता येत नाही. आणि मिलचे सोबती सुटल्यावर त्या किराण्याच्या दुकानात तुम्ही स्वतःच एकटे पडला होतात, तेच तर त्या गेटवर आठवलं नसेल?

राग बराचसा गेला, बाबा. थोडा आहे, तो राहू द्या.

रेवाला मी कुठलंच कॉलेज सुचवणार नाही, हे वचन. "तुला काय शिकायचंय?" एवढंच विचारेन आणि तिचं पूर्ण ऐकून घेईन. तुम्ही मला ते विचारलं नाहीत. पण पंधराव्या वर्षी तुम्हाला मिलमध्ये नेऊन उभं केलं, तेव्हा तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं?

तुमची,
बेबी